आधी जावईबुवांचं पान

भूपेंद्र झाडे पंच कसा झाला असं आमच्या सिंदी मेघेत कुणालाही विचारा, जो तो वेगळी हकीकत सांगेल. लायकी होती म्हणून झाला, असं मात्र कुणी सांगणार नाही. मी त्याला पाचवीपासून ओळखते. शाळेत तो कबड्डीच्या मैदानाबाहेर शिटी घेऊन उभा असायचा, कारण आत घेतलं की पहिल्याच चढाईत बाद व्हायचा. दोन गडी एकदम बाद झाले आणि आधी कोण असा वाद उठला, की हा पठ्ठ्या आधी सरांच्या तोंडाकडे बघायचा, सरांना कोण बाद व्हायला हवंय ते ओळखायचा आणि मग शिटी फुंकायचा. सर खूश, सरांचा लाडका संघ खूश. आम्ही बाकीचे दात-ओठ खात घरी जायचो. आता तो चाळिशीला टेकला आहे, केस विरळ झालेत, पोट सुटलं आहे, आणि तोंड बघून शिटी फुंकायची सवय तेवढी शाबूत आहे.

बारावीनंतर तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि दोन वर्षांनी परत आला. का, तर म्हणे तिथलं पाणी मानवलं नाही. पाणी न मानवलेला हा माणूस चांगला गुटगुटीत होऊन आला होता, पण ते त्याच्या आईला, आनंदाबाईंना, दिसलं नाही. मग काही वर्षं त्यानं वर्ध्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला, म्हणजे कूलरसमोरची जागा धरून ठेवली. शेवटी वडिलांनी वावर मक्त्यानं दिलं आणि त्याला बस स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान टाकून दिलं. पुढे वडील वारले, आणि घरातला कर्ता पुरुष म्हणून भूपेंद्र उरला. दुकानाच्या पाटीवर नाव त्याचं, फिरत्या खुर्चीत बसणार तो, आणि कॉम्प्युटरसमोर त्याची धाकटी बहीण काजल. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या भाऊंच्या गालावरचे खड्डे बुजवायचे, मिशी दाट करायची, खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं रुसवेफुगवे सांभाळून बसवायची, हे सगळं काजल करते. भूपेंद्र ऑर्डर घेतो आणि ‘होऊन जाईल’ म्हणतो.

पुण्याहून येताना त्याच्या बॅगेत इंजिनिअरिंगचं एकही पुस्तक नव्हतं. होते पत्त्यांचे दोन खोके. ‘निशाकुळ’ नावाचा खेळ आहे तो, रक्त पिणाऱ्या पिशाच्चांच्या घराण्यांचा. प्रत्येक खेळाडू एका घराण्याचा प्रमुख. पत्त्यांवर लांब कोट घातलेले, चुना फासल्यासारखे पांढरे पुरुष आणि कसल्या तरी किल्ल्यात उभ्या असलेल्या बाया. आमच्या मे महिन्यात असा कोट घालून बाहेर पडलं तर ते पिशाच्च दुपारपर्यंत स्वतःच मरेल. खोक्यात रक्त म्हणून लाल काचमणी होते, ते हरवले. तेव्हापासून आनंदाबाईंच्या डब्यातले चिचोके काजलच्या नखपॉलिशनं रंगवून आम्ही रक्त म्हणून वापरतो. ज्याचे चिचोके संपले, त्याचं घराणं बुडालं.

खेळ म्हटला की मंडळ आलंच. भूपेंद्रनं ‘वर्धा जिल्हा निशाकुळ क्रीडा मंडळ’ काढलं. जिल्ह्यात हा खेळ खेळणारे आम्ही सगळे मिळून नऊ जण, आणि त्यात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव, प्रसिद्धीप्रमुख आणि कोण कोण. काजल आणि मी, अशा दोघीच नुसत्या सभासद. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते, समोरच राहते, काजल माझी विद्यार्थिनी, तिच्यामुळं मी या भानगडीत पडले. भूपेंद्रनं स्वतःसाठी ‘मुख्य पंच’ हे पद ठेवलं. उपपंच कुणीच नव्हता, तरी हा मुख्य.

पंचाची गरज का पडते, ते सांगते. या खेळात प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘सांज’ होते. म्हणजे समोरासमोरच्या दोघांनी एकेक पान पालथं ठेवायचं आणि एकदम उलटायचं. आता दोन्ही पानं एकदम उघडली, तर आधी कुणाचं लागू करायचं? सगळा खेळ इथं फिरतो. पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत आहे. ज्याची पाळी चालू असेल, त्याचं पान आधी, दुसऱ्याचं नंतर. ही ओळ कुणीही वाचू शकतं. भूपेंद्रनंही वाचली होती. पण घरात जावई आला आणि ओळ पुस्तकातच राहिली.

कैलास हा भूपेंद्रच्या मधल्या बहिणीचा, सुरभीचा, नवरा. हिंगणीचा. धरणाच्या पाण्यावरची शेती, बुलेट गाडी, पांढराशुभ्र शर्ट, आणि नाकावर कायम बसलेला राग. नात्यातल्या एका लग्नात दुसऱ्या जावयाच्या ताटात आधी वाढलं म्हणून हा जेवणावरून उठला होता, आणि नंतर वर्षभर सुरभीला माहेरी पाठवलं नव्हतं. तेव्हापासून आनंदाबाई त्याच्या नुसत्या गाडीच्या आवाजानं पदर सावरून उभ्या राहतात. रविवारी तो सासरी येऊन बसायचा, आणि समोर खेळ मांडलेला बघून एक दिवस म्हणाला, मलेबी वाटा. पहिल्याच सांजेला त्याचं आणि काजलचं पान एकदम उघडलं. पाळी काजलची होती. भूपेंद्र पुस्तक चाळायला लागला. तेवढ्यात आनंदाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, काय चाललंय ते त्यांनी विचारलं आणि अगदी सहज म्हणाल्या, “अरे, जवाईबुवाचं होऊ दे नं पयले. काजल काय, घरचीच हाये.”

भूपेंद्रनं पुस्तक मिटलं. “आधी जवाईबुवांचं पान,” तो म्हणाला. झाला निवाडा.

तिथं थांबला असता तर ती एका दिवसाची लाज म्हणून सोडून दिली असती. पण या माणसानं त्याचं शास्त्र केलं. पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांना उभं राहून सांगितलं की आपल्याकडं पंगतीची जी रीत, तीच पानांची. आधी जावई, मग पाहुणे, मग वयानं मोठे, मग बरोबरीचे, आणि घरच्या लेकी सगळ्यात शेवटी. पाळी कुणाची हे बघायचंच नाही. लोकांनी माना डोलावल्या, कारण पंगतीला बसलेल्या माणसाला हे चुकीचं वाटतच नाही. मी म्हटलं, भूपेंद्र, हे पत्ते आहेत, बुंदी नाही. तर तो हसून म्हणाला, तू कायले बोलून राह्यली, तुझा नंबर तं दुसरा लागते. खरंच होतं ते. मी शेजारीण म्हणजे पाहुणी. काजल शेवटची.

चार वर्षं हे असं चाललं. मोठमोठी माणसं, एक तर तहसील कार्यालयात नोकरीला असलेला, एखाद्या पिशाच्चानं आधी चावायचं की नंतर हे नातं विचारून ठरवत होती आणि त्यात कुणालाही हसू येत नव्हतं. कैलास सुरुवातीला सारखा जिंकायचा. जिंकला की टाळी मागायचा, भूपेंद्र टाळी द्यायचा.

मग काजल जिंकायला लागली. ती पोरगी बोलते कमी, पण तिला दिसतं सगळं. आपलं पान शेवटीच लागू होणार हे तिनं धरूनच टाकलं आणि खेळाआधी ज्यानं त्यानं निवडून घ्यायचा पत्त्यांचा गठ्ठा त्या हिशेबानं बांधला. शेवटी लागू होण्यात ज्यांचा फायदा, अशीच पानं तिनं वेचून घेतली. त्यातलं सगळ्यात भारी पान म्हणजे ‘परतीची धार’. त्यावर लिहिलं आहे, या फेरीत तुमचं जेवढं रक्त गेलं असेल, त्याच्या दुप्पट समोरच्याकडून घ्या. ते आधी लागू झालं तर काहीच गेलेलं नसतं, आणि शून्याची दुप्पट शून्य हे सांगायला गणिताची बाई लागत नाही. पण समोरच्यानं आधी ओरबाडलं आणि मग हे पान लागलं, की त्याचं कंबरडं मोडतं. कैलासला मान म्हणून आधी ओरबाडायला मिळायचं, आणि मग काजल शांतपणे त्याचे चिचोके आपल्याकडं ओढायची. आपण मानामुळं हरतो हे त्या शहाण्याला कधीच कळलं नाही. तो म्हणायचा, पोरीचं नशीब जोरावर हाये.

यंदा उन्हाळ्यात बातमी आली की पुण्यात निशाकुळची मोठी स्पर्धा आहे आणि प्रत्येक जिल्ह्यातून एक खेळाडू घेणार आहेत. काजल त्या बातमीनं पेटली. तिला खेळापेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं. दुकानात भाऊंच्या मिशा दाट करून झाल्या की ती स्वतःची पिशाच्चं काढते. बाभळीवर उकिडवं बसलेलं, बोर धरणाकाठच्या जंगलातलं, विहिरीच्या काठाशी केस सोडून बसलेलं. मी तिची चित्रं पाहिली आहेत आणि सांगते, खोक्यातल्या कोटवाल्यांपेक्षा त्यांची जास्त भीती वाटते. पुण्याच्या स्पर्धेत आलेल्या खेळाडूंची चित्रं खेळाची कंपनी बघणार होती, आवडली तर पुढच्या पत्त्यांवर घेणार होती. फक्त स्पर्धेत आलेल्यांचीच. काजलनं आईला विचारलं. आनंदाबाईंनी बराच वेळ तांदूळ निवडले आणि मग म्हणाल्या, “जिंकली तं जाजो. उगाच फिराले मी पाठवत नाई.” म्हणजे सगळं वर्ध्याच्या अंतिम सामन्यावर आलं. त्या घरात काजलला स्वतःसाठी काहीतरी मिळण्याचा तेवढाच एक रस्ता होता.

भूपेंद्रची वेगळी गडबड होती. अंतिम सामना बघायला नागपूरहून रजत नावाचा एक परीक्षक येणार होता, आणि पंच चांगला वाटला तर त्याला अधिकृत पंचाचा बिल्ला देणार होता. पितळी बिल्ला, छातीला लावायचा. बारावीनंतर एकही परीक्षा पास न झालेल्या माणसाला तो बिल्ला केवढा वाटला असेल, हे मला कळतं. कळतं म्हणून मी त्याला माफ करणार नाही.

अंतिम सामन्याला कैलास आणि काजल आले. आदल्या संध्याकाळी मी दुकानात गेले होते, कॉलेजच्या प्रवेशांचा फ्लेक्स घ्यायला. काजल यंत्रावरून कापड उतरवत होती. हात थांबवून तिनं भूपेंद्रला विचारलं, उद्या तो परीक्षक येणार, मग सांजेला पुस्तकातला नियम धरायचा की आपली रीत? तिचं म्हणणं सरळ होतं. पुस्तकातला नियम असेल तर मी गठ्ठा बदलते, रात्रभरात दुसरा बांधते, मले फक्त आजच सांग. भूपेंद्र मोबाइलमध्ये बघत म्हणाला, आपलीच रीत. ती पुन्हा म्हणाली, नक्की ना दादा? तेव्हा त्यानं मान वर केली.

“घर आपलं, मंडळ आपलं, रीत आपली. तू गठ्ठा बदलू नोको.”

माझ्यासमोर म्हणाला तो हे. मी फ्लेक्सची गुंडाळी काखेत धरून उभी होते.

रविवारी दुपारी झाड्यांच्या बैठकीच्या खोलीत कूलर लावून सामना सुरू झाला. रजत वेळेवर आला. पंचविशीतला, चष्मेवाला, भिंतीला टेकून बसला आणि हाताची घडी घातली. भूपेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध उभा होता. शर्टाच्या खिशाजवळची जागा त्यानं मोकळी ठेवली होती, पेनसुद्धा लावला नव्हता. दर थोड्या वेळानं त्याची नजर रजतकडं जात होती, शाळेत सरांकडं जायची तशी.

काजल सुंदर खेळली. तिनं स्वतःचं रक्त हळूहळू जाऊ दिलं, कैलासला हाव सुटेल एवढंच. कैलास मांडी हलवत होता, मिशीवर हात फिरवत होता. शेवटी काजलकडं चार चिचोके उरले, कैलासकडं पाच. पाळी काजलची होती. सांज झाली. दोघांनी पालथी पानं ठेवली आणि उलटली. कैलासचं ‘घोट’, म्हणजे समोरच्याचे तीन चिचोके पिऊन डबीत टाकायचे, ते मग कुणाचेच नाहीत. काजलची ‘परतीची धार’.

हिशेब मला लगेच दिसला. रीतीप्रमाणं जावयाचं पान आधी. कैलास तीन पिणार, काजलकडं एक उरणार, आणि मग तिची धार तिनाच्या दुप्पट सहा ओढणार. कैलासकडं एवढे होतेच कुठं? त्याचं घराणं बुडालं. काजलनं पहिल्यांदा मान वर करून आईकडं पाहिलं. आनंदाबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या.

भूपेंद्र पानांकडं बघतच नव्हता, रजतकडं बघत होता. रजतनं घडी सोडून चष्मा सरळ केला, बाकी काही नाही. भूपेंद्रनं घसा खाकरला.

“नियमाप्रमाणे, ज्याची पाळी त्याचं पान आधी,” तो पुस्तकी मराठीत म्हणाला. “काजलचं पान आधी लागू.”

खोलीत कुणालाच काही कळेना. सगळ्यात आधी भडकला कैलास. चार वर्षांत पहिल्यांदा त्याचं पान दुसरं लागत होतं, तेही परक्या माणसासमोर. तो अर्धा उठला आणि म्हणाला, मी जवाई हावो का नाई या घरचा, पयले माझंच पान लागन. बिचारा स्वतःचं मरण मागत होता, आणि तेही तावातावानं. आनंदाबाई ट्रे तसाच धरून घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, “भूपेंद्र, जवाईचं होऊ दे पयले, बाप्पा.” आणि काजल, तिचा आवाज अगदी शांत होता, ती म्हणाली, भाऊजींचं आधी होऊ द्या, माझी हरकत नाही.

बघा आता. हरणारा म्हणतो माझं आधी. जिंकणारी म्हणते त्यांचं आधी. घरची म्हातारी तेच म्हणते. चार वर्षांची रीत तेच म्हणते. काल दिलेला शब्द तोच. मी रजतला विचारलं की दोघांची तयारी असेल तर चालतं का. तो म्हणाला, “मॅडम, इथला डिसिजन पंचाचा. ते म्हणतील तसं.” म्हणजे दार सताड उघडं होतं. भूपेंद्रनं एकदा फक्त ‘आमच्याकडं अशी रीत आहे’ म्हणायचं होतं. फार तर काय, बिल्ला हुकला असता.

“नियम म्हणजे नियम,” भूपेंद्र म्हणाला.

धार आधी लागली. काजलचं त्या फेरीत काहीच गेलं नव्हतं. शून्याची दुप्पट. तिनं ते पान उचलून बाजूला ठेवलं. मग कैलासचा घोट लागला, तिचे तीन गेले आणि एक उरला. पुढच्या फेरीत तोही गेला. कैलास जिंकला तेव्हासुद्धा रागानं भिंतीकडं तोंड करून बसला होता, आणि आपण जिंकलो हे त्याला दुसऱ्यांनी सांगावं लागलं. मग तो फुशारला, त्यानं टाळी मागितली. या वेळी भूपेंद्रनं टाळी दिली नाही, कारण रजत त्याच्या शर्टाला बिल्ला लावत होता आणि म्हणत होता की घरच्या माणसांचा दबाव असूनही तुम्ही नियम सोडला नाही, असे पंच कमी मिळतात. भूपेंद्रचे डोळे पाणावले होते. मला तिथंच त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. हातात फक्त चहाचा कप होता आणि तो आनंदाबाईंचा होता.

रजत गेल्यावर भूपेंद्र काजलजवळ आला. लाज वाटून आला असेल असं मला वाटलं होतं. तर हा म्हणतो कसा, पाह्य काजल, आज मी तुले पयला मान देल्ला, जवाईले सोडून. म्हणजे त्याला वाटत होतं की त्यानं तिच्यावर उपकार केले! पत्त्यांमध्ये काय झालं ते त्याला धड कळलंच नव्हतं. चार वर्षं मुख्य पंच, आणि दोन पानांचा हिशेब डोक्यात शिरत नाही.

काजल चिचोके डबीत भरत होती. ती थांबली.

“दादा, चार वर्सं तू मले शेवटी बसोलं. मी बसली. शेवटी बसूनच जिंकाचं कसं, ते शिकली. आज मले शेवटीच राहाचं होतं, तं तू मले उठोलं. तुले मी दोनदा इचारलं होतं.”

त्यावर तो बिल्ल्याला बोट लावून म्हणाला की तू समजून घे, बाहेरचा माणूस होता. ती पुन्हा चिचोके भरायला लागली. मी बोलले. मी म्हटलं, भूपेंद्र, तुला नियम कळला असता तर मी तुला मानलं असतं, रीत पाळली असतीस तरी चाललं असतं. तू आयुष्यभर फक्त तोंडं बघितलीस, आणि सख्ख्या बहिणीचं तोंड तेवढं बघितलं नाहीस. तो म्हणाला, रुचिका, तुझं नेहमीचंच आहे. आणि बिल्ला नीट दिसतो का ते बघायला आरशाकडं गेला.

कैलास पुण्याला गेला. पहिल्याच फेरीत हरून आला. तिथं म्हणे त्यानं आपलं पान आधी लावायला सांगितलं, आणि का असं विचारल्यावर आपण कुणाचे जावई आहोत ते सांगितलं. तिथली पोरं हसली. त्या अपमानाचा राग त्यानं आल्या आल्या सासरी काढला. तो रविवारी आला तोच फुगून, आणि चहाला हात लावेना. आनंदाबाईंनी भूपेंद्रकडं पाहिलं. आता मला उत्सुकता होती, कारण भूपेंद्रच्या छातीवर बिल्ला होता. तो आता घरातही काढत नाही. मी मनात म्हटलं, निदान आता तरी नियम म्हणजे नियम म्हणेल.

भूपेंद्र उभा राहिला आणि त्यानं बिल्ल्यासकट जाहीर केलं की स्पर्धेचे नियम वेगळे आणि घरचे वेगळे, आपल्या मंडळात जुनीच रीत चालेल. कैलासनं कप उचलला. आनंदाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे पुस्तकातला न्याय या घरात आला तो एकाच दुपारपुरता, आणि नेमका त्याच दुपारी.

डाव मांडला. समोरासमोर कैलास आणि काजल. मला वाटलं होतं ती खेळायला बसणारच नाही, पण ती बसली, आणि गठ्ठा तिनं बदलला नव्हता. ती त्याच संथपणे रक्त घालवत गेली, तो तसाच मिशीवर हात फिरवत गेला. पाळी काजलची. सांज झाली. पानं उलटली. त्याचं ‘घोट’, तिची ‘परतीची धार’. कैलास पुण्याला जाऊन आला तरी तेवढाच शहाणा राहिला होता.

भूपेंद्रनं छाती पुढं काढली. “आधी जवाईबुवांचं पान.”

कैलासनं तिचे तीन चिचोके डबीत टाकले. काजलनं त्याचे होते नव्हते तेवढे सगळे ओढून घेतले. तेच पान, तोच क्रम, तीच माणसं. आनंदाबाई कौतुकानं म्हणाल्या, “पाहा, आज जिंकली माझी पोरगी.”

काजलनं आईकडं पाहिलं. “मंग आता जाऊ का पुण्याले?” तिनं विचारलं.

पुण्याची स्पर्धा होऊन आठवडा झाला होता. भूपेंद्रनं बिल्ला उगाच सरळ केला. काजलनं चिचोके डबीत भरले, झाकण लावलं आणि सगळ्यांचे रिकामे कप ट्रेमध्ये घेऊन ती आत गेली.